दुपारी येणारा अण्णा

जयनगर, बेंगळूरु
११ जानेवारी

अण्णास चंदनाचा नमस्कार.

फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'हं' म्हणते आणि मग आपण दोघं एकमेकांच्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो. म्हणून लिहायला घेतलं. हैदराबाद काही लांब नाही. आपणच लांब करून ठेवलंय.

आईचं दुखणं मणक्यात उतरलंय. छातीची गाठ काढली तेव्हा डॉक्टर 'बघू' म्हणाले होते. ते बघून झालं. आता फक्त दुखू नये एवढंच करायचं, असं डॉ. त्रिविक्रम म्हणतात. ते अशाच रोग्यांचे डॉक्टर आहेत. गोड बोलत नाहीत, पण खोटंही बोलत नाहीत. त्यांनी आईच्या पाठीवर, खांद्याखाली, औषधाची पट्टी लावलीय. बोटभर पारदर्शक चिकटपट्टी, बाकी काही नाही. त्यातून फेंटानिल नावाचं औषध कातडीतून हळूहळू अंगात उतरतं. तीन दिवसांनी जुनी काढायची, नवी दुसऱ्या जागी लावायची. औषध अफूच्या जातीचं आहे म्हणे. आई पहिल्यांदा बिथरली. "मला अफू देता? मी काय गोसावी आहे?" पण पट्टी लागल्यावर ती जी झोपली, अण्णा, तशी ती कित्येक महिन्यांत झोपली नव्हती. मी दारात उभी राहून नुसती बघत होते.

पोट साफ होत नाही, नाक सारखं खाजतं, मळमळतं. हे होणारच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यावर औषधं आहेत.

तुला मी लिहिते हे आईला माहीत नाही. तुझं नाव तिच्यापुढे अजूनही कोणी काढत नाही. अप्पांच्या तेराव्याला ती सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर तुला म्हणाली होती, "माझ्या माणसाचा श्वास तू सही करून थांबवलास. पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू चपला घातल्यास आणि गेलास. त्यानंतर या घरात तुझा विषयच बंद झाला, तो झालाच.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी लिहीन.

चंदना


२७ जानेवारी

अण्णा,

तुझं उत्तर नाही. सरी, ठीक आहे. मी काही अपेक्षा ठेवली नव्हती, असं म्हणू या.

आईच्या तोंडात पांढरी बुरशी आली. जीभ, टाळा, सगळं पांढरं, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉ. त्रिविक्रम परगावी होते, म्हणून चौथ्या ब्लॉकातल्या आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बुरशीची गोळी दिली, रोज एक. तोंड लगेच सुधारलं. ती मधेच दचकून उठते असं मी म्हटलं, तर त्यांनी झोपेचीही एक गोळी लिहून दिली. थंडी आहे, पाठ आखडते म्हणून मी गरम पाण्याची पिशवी देते. तिला ती फार आवडते. पाठीशी घेऊन मांजरासारखी पडून असते.

मांजरावरून आठवलं. परवा म्हणाली, "ते मांजर हाकल गं." खोलीत मांजर नव्हतं. मी हाकलल्यासारखं केलं. ती म्हणाली, "तिकडे नाही, तिकडे तर माणूस उभा आहे." आणि हसली. मीही हसले.

दिवसभर डोळे मिटून असते आणि हात चालू असतात. हवेतला कापूस ओढते, मांडीवर वाती वळते. वळून झाली की ती वात बाजूला ठेवते. मी तिथे बशी आणून ठेवली. का, ते विचारू नकोस.

चंदना


३ फेब्रुवारी

अण्णा,

हे कसं लिहावं कळत नाही, तेव्हा सरळच लिहिते. तू रोज दुपारी येतोस.

जेवणं झाली, पडदे ओढले, की आई मान वळवते. खिडकीजवळ अप्पांचं लाकडी स्टूल आहे ना, त्याच्याकडे बघते. "आलास? बस. पाय पुस आधी." पहिल्या दिवशी मी विचारलं, कोण आलंय? तर माझ्याकडे असं बघितलं, की वेडी मीच. "येसू. दिसत नाही तुला?"

येसू, अण्णा. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात तुझं नाव आलं आणि तेही असं सहज, जसं तू कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आलास.

ती तुझ्याशी गप्पा मारते. एक वाक्य बोलते, मग थांबते. ते थांबणं मला सहन होत नाही, कारण ते बरोबर एका उत्तराएवढं असतं. मग मान हलवते, "असं का?" म्हणते, पुढे बोलते. तुझ्या नोकरीचं विचारते. तू बारीक झालास म्हणते. तपकिरी शर्ट घालतोस म्हणे. आहे का रे तुझ्याकडे तपकिरी शर्ट?

एकदा बोलता बोलता माझ्याकडे वळली. "तो विचारतोय, चंदू का रडतेय?"

मी रडत नव्हते. पातेल्यातला भात वाढत होते. मग गालाला हात लावला तर ओला.

काल ती झोपल्यावर मी स्टूल उचलून बाहेर ठेवायला गेले. लाकूड कोमट लागलं. उन्हाने असेल, असं मनाशी म्हटलं. मग पाहिलं, पडदा ओढलेलाच होता. मी स्टूल होतं तिथे ठेवून दिलं.

वरच्या मजल्यावर आपली भाडेकरू आहे, कस्तुरी, पुण्याची मुलगी. महादेवपुऱ्याला कंपनीत जाते, दोन-तीन दिवस घरूनच काम करते. ती आईसाठी सूप घेऊन आली होती. दारातच थबकली. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "ताई, अ‍ॅक्च्युअली एक विचारू? आत तुम्ही कोणाशी बोलत होता?"

"आईशी."

"नाही, म्हणजे... तुमचा आवाज वेगळा येत होता. जाड. मला वाटलं कोणी पुरुष आलाय घरात."

मी तिला काहीतरी सांगून वाटेला लावलं. तुला खरं सांगते. आई तुला सारखं काहीतरी विचारत होती आणि उत्तर येत नसावं. ती कासावीस झाली. "येसू, बोल की रे. अजून राग आहे?" हुंदके द्यायला लागली. तेव्हा मी पलंगाच्या उशाशी उभी राहून, तुझ्यासारखा आवाज काढून म्हटलं, "नाही आई. राग नाही."

ती शांत होईल असं वाटलं होतं. पण तिने मान मागे करून मला दटावलं. "तू मधे बोलू नकोस गं. त्याचं ऐकू दे."

चंदना


६ फेब्रुवारी

अण्णा,

एकच गोष्ट विचारायची आहे. हे पत्र कुरियरने पाठवते. उत्तर दे. फोन कर, कसंही कर.

आज दुपारी आई स्टुलाकडे बराच वेळ बघत होती. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या बारीक झाल्यात, जणू टाचणीची टोकं. आवाज खोल गेलाय. मधेच अख्खा हात दचकतो, कोणी झटका दिल्यासारखा. ती म्हणाली, "येसू, ते पुन्हा सांग. अप्पा काय म्हणाले?"

मग थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. आणि मग तीच बोलली, पण सावकाश, ऐकलेलं परत म्हणावं तशी: "येसू, मला नळ्या लावू नकोस. बास झालं. आणि मी म्हणालो असं तिला सांगू नकोस. तिला वाटेल, मी तिला टाकून निघालो."

अण्णा, अप्पांच्या दवाखान्यातल्या खोलीत तेव्हा तू एकटा होतास. मी औषधांच्या दुकानात गेले होते, आई देवळात. नंतर डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं, मशीन लावायचं का विचारलं आणि तू 'नाही'वर सही केलीस. का केलीस, हे तू कधीच कोणाला सांगितलं नाहीस. आई तुला बोल बोल बोलली तरी नाही.

असं झालं होतं का? अप्पा बोलले होते?

नसतील, तर ही भ्रमातली बडबड आहे, मी विसरून जाईन. असतील, तर मग आईला हे कोणी सांगितलं? तू तर हैदराबादला आहेस.

आहेस ना?

चंदना


९ फेब्रुवारी

अण्णा,

दवाखान्यातून लिहिते. आई आहे. ते आधी वाच.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी उठलीच नाही. उठवलं तर 'हं' म्हणे आणि परत आत जाई. चेहरा मात्र इतका निवांत, की मला हलवायला जिवावर आलं. मला वाटलं, दमली असेल. दुपारी तू येशील तेव्हा उठेल. हे वाक्य मी खरंच मनात म्हटलं, अण्णा, इतकी मीही त्यात गेले होते. आणि सकाळीच करायचा फोन मी तेवढ्यासाठी लांबवला.

दुपारी कस्तुरी खाली आली. आईजवळ उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "ताई, या श्वास कमी वेळा घेतायत."

मी वाकून पाहिलं. छाती वर आली, खाली गेली आणि मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले. बाहेर केळीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोहोचला, तेव्हा कुठे आईने घोरल्यासारखा पुढचा श्वास घेतला. ओठ निळसर होते. कस्तुरीने तोवर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीही होती. मी डॉ. त्रिविक्रमांना फोन लावला. ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "पाठीवरची पट्टी आत्ता काढा. सोबत दुसरं काय काय देताय?"

मी सांगत गेले. बुरशीची गोळी. झोपेची गोळी. गरम पाण्याची पिशवी.

"पिशवी कुठे ठेवता?"

"पाठीशी."

"ती आधी बाजूला करा," ते म्हणाले.

वॉर्डात तिच्या शिरेत इंजेक्शन दिलं, त्या औषधाचा अंमल उतरवणारं. सिस्टर गालावर थोपटत होती, "अम्मा, कण्णु बिडी, कण्णु बिडी." आणि आईने डोळे उघडले, अण्णा. नुसते उघडले नाहीत. पाण्यातून वर ओढून काढावं तशी ती वर आली आणि किंचाळली. इतके दिवस थोपवलेलं सगळं दुखणं एकदम अंगावर आलं होतं. मला धरून, नखं रुतवून ती ओरडत होती आणि त्या ओरडण्यात शब्द होते: "तो कुठे गेला? कोणी उठवलं त्याला?"

नंतर डॉक्टरांनी मला बाकावर बसवून समजावलं. पट्टीतलं औषध यकृतात मोडलं जातं. बुरशीची गोळी ते मोडणंच अडवते, म्हणून औषध रोज साठत गेलं. गरम पिशवीने पट्टीतून ते जास्त वेगाने अंगात ओढलं गेलं. झोपेच्या गोळीने आधीच मंद झालेला श्वास आणखी दाबला. "तिन्ही गोष्टी घरोघरी चालतात," ते म्हणाले. "या पट्टीबरोबर चालत नाहीत. पिशवी लावायची नाही आणि मला विचारल्याशिवाय नवी गोळी सुरू करायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी तुम्हाला पुन्हा पुन्हा बजावायला हवं होतं." त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पट्टी काढली तरी कातडीखाली औषध उरलेलं असतं आणि इंजेक्शनचा जोर लवकर ओसरतो. म्हणून तिला इथेच नजरेखाली ठेवलंय.

मी विचारलं, "आणि ती ज्याला बघत होती तो?"

"तोही औषधाचाच. मांजर, वाती, हाताचे झटके, सगळं त्यातलंच. औषध उतरेल तसा जाईल."

"पण तो अशी गोष्ट बोलला, जी आईला माहीत नव्हती."

त्यांनी चष्मा पुसला. "औषध माणसाला नवीन काही सांगत नाही, चंदनाक्का. आत जे असतं त्याचं झाकण तेवढं काढतं."

चंदना


१४ फेब्रुवारी

अण्णा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डाच्या जिन्यात होते. तू नुसतं "हो" म्हणालास. "अप्पा तसंच म्हणाले होते. शब्द न् शब्द." मी जिन्यातच बसले. लोक माझ्या बाजूने चढत-उतरत होते.

तू सांगितलं का नाहीस, हे मी विचारलं नाही. अप्पांनीच नको म्हटलं होतं. तू ऐकलंस. आईचे बोलही ऐकून घेतलेस.

आज आईची शुद्ध स्वच्छ आहे. आता दुसरं औषध सुरू केलंय, मॉर्फिनच्या थोड्या थोड्या गोळ्या, इतर सगळं बघून, मोजून. दुखतं अजून, पण ओरडण्याइतकं नाही. तिने डॉक्टरांना विचारलं, "मी सोसलं तर डोकं ताळ्यावर राहील ना? मग सोसते." ते म्हणाले, "अम्मा, सोसण्याचं बक्षीस कोणी देत नाही. दुखणंही थांबवू, डोकंही ताळ्यावर ठेवू. स्वल्प वेळ द्या मला."

ते गेल्यावर मी दार लोटलं आणि तिला विचारलं. अप्पांचं शेवटचं बोलणं तुला कसं माहीत?

ती छताकडे बघत राहिली.

"देवळात गेलेच नव्हते मी," ती म्हणाली. "कॉफीचा फ्लास्क घेऊन वर आले, तर दार उघडंच. हे बोलत होते. मी उंबऱ्यातच उभी."

"सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"मग अण्णाला का गं..."

"मग कोणाला बोलायचं होतं?" ती एकदम चिडली आणि दुखण्याने वाकडी झाली. मी पाणी दिलं. घोट घेऊन म्हणाली, "आयुष्यभर माझ्यापासून एक शब्द लपवला नाही माणसाने, आणि जायचं ठरवलं ते मला न विचारता. त्यांच्यावर चिडायला ते होते कुठे? समोर येसू होता. सही त्याची होती." मग म्हणाली, "त्याने एकदा जरी तोंड उघडून सांगितलं असतं ना, की अप्पाच म्हणाले, तर मी त्याच्या पाया पडले असते. त्याने सांगितलं नाही. मी वाट बघत राहिले. नंतर मग फार उशीर झाला."

ती रडली नाही. मला म्हणाली, खिडकी उघड.

अण्णा, ये. ती बोलाव म्हणालेली नाही. मी म्हणते.

चंदना


२ मार्च

अण्णा,

गाडी यशवंतपूरहून सुटताना तू दारात उभा राहून विचारलंस, "तिनं मला ओळखलं का गं?" मी उत्तर देणार तोच गाडी हलली. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

तुला वाईट वाटलं असणार. तू आत आलास, तर 'आलास?' सुद्धा म्हणाली नाही. 'जेवलास का' नाही, डोळ्यांत पाणी नाही. जणू काल संध्याकाळीच गेला होतास. तू तिच्या पायाशी बसलास, तिने तुझ्या तोंडाकडे पाहिलं, मग तुझा हात उचलून उलटसुलट करून पाहिला, भाजी बघतात तसा. तू म्हणालास, "आई, मी येसाजी." ती "हं" म्हणाली. तू दोन दिवस राहिलास, ती तुझ्याकडे बघत राहिली आणि दोघंही अप्पांबद्दल अवाक्षर बोलला नाहीत. मला तुम्हा दोघांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मी स्टेशनवरून परतले, तर ती जागी होती. कस्तुरी तिच्याजवळ बसली होती. मला बघून म्हणाली, "पोचवलंस?"

"हो."

"त्याचे केस पिकलेत."

मी म्हटलं, वर्षं झाली आई, पिकणारच.

"रोज यायचा त्याचे काळेभोर होते," ती म्हणाली.

कस्तुरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुणेने गप्प राहायला सांगितलं. आईचा आवाज अगदी साधा होता. दुपारी पेज किती घेतली हे ती ज्या आवाजात सांगते, त्या आवाजात.

मी विचारलं, "तो अजून येतो?"

"नाही. गोळी बदलली तेव्हापासून नाही." मग म्हणाली, "तो छान होता. काहीही विचारलं की लगेच हो म्हणायचा. राग नाही म्हणायचा. मी म्हटलं, चुकले, तर म्हणायचा, जाऊ दे आई. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपला येसू कधी कशाला इतक्या लगेच हो म्हणालाय?"

"आणि हा?"

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी तिच्या छातीवर नजर ठेवली. श्वास बरोबर येत-जात होता.

"हा आपला," ती डोळे न उघडता म्हणाली. "हात माझ्या हातात सैल सोडला नाही त्याने. माझ्यावर राग आहे अजून त्याच्या मनात, मला दिसला. राग आहे म्हणजे परत येईल. तोवर जाऊ देऊ नका मला."

चंदना